सहा लिंबं आणि अप्पांचा कापूर

हैदराबादच्या विमानतळावर काचेच्या पलीकडे अप्पा उभे होते आणि अलीकडे मी. अशा वेळी मुलानं वळून हात करायचा असतो. मी पाठ केली. तुम्हाला वाटेल, पोराचे डोळे भरून आले असतील, बापाला दिसू नयेत म्हणून वळला असेल. तसं काही नव्हतं. माझ्या हातात अर्धा किलो भीमसेनी कापूर होता आणि तो मला अप्पांच्या नजरेआड कचऱ्याच्या डब्यात टाकायचा होता.

माहूरहून नांदेडपर्यंत जीप आणि नांदेडहून हैदराबादपर्यंत बस, असे आम्ही बापलेक फारसं न बोलता आलो होतो. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि घरातलं बोलणं बरंचसं तिच्याबरोबर गेलं होतं. अप्पांचं माहूरला, रेणुकामातेच्या पायऱ्यांजवळ, पूजेच्या सामानाचं दुकान आहे. नारळ, खण, हळदीकुंकू, उदबत्ती सगळ्याच दुकानांत मिळते, पण कापूर घ्यावा तर अप्पांकडचा. मेण मिसळलेल्या पांढऱ्याशुभ्र गोल वड्या ते दुकानात ठेवतच नाहीत. त्यांच्याकडे खडे असतात, काचेसारखे, वेडेवाकडे. "ह्यो जळला की मागं काय बी ऱ्हात न्हाई," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला एक खडा जाळून दाखवतात आणि रिकामी झालेली पितळी ताटली त्याच्या नाकासमोर धरतात. त्यातलाच अर्धा किलो त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता. जीपमध्ये एकदाच बोलले, तेही रस्त्याकडे बघत.

"दर सोमवारी सांजच्याला एक खडा लाव. देव मानतूस का न्हाई ते तुझं तू बघ. पर खडा लाव. घराला वळण लागतंय."

आणि आता काउंटरवरचा माणूस माझी उघडी बॅग बघून मान हलवत होता. "कपूर है क्या? नक्को भाई, नक्को. जलनेवाली चीज जहाज में नक्को." त्यानं बोटानं एक डबा दाखवला. डोकावलो तर आत खोबऱ्याच्या वाट्या, काडेपेट्या, उदबत्तीचे पुडे. माझ्याआधी गेलेल्या पोरांच्या आयांनी जे जे म्हणून बांधून दिलं होतं, ते सगळं तिथं होतं. आमचं निम्मं दुकानच म्हणा ना. त्यावर मी अप्पांचं गाठोडं ठेवलं, अलगद, जणू तसं ठेवल्यानं पाप कमी होणार होतं.

खिशातला फोन वाजला. काचेपलीकडून अप्पाच.

"जड न्हाई नं झाली ब्याग?"

"न्हाई अप्पा. हलकीच हाय."

"कापूर नीट ठिवला नं?"

"हाव. नीट ठिवला."

अकरा वर्षांच्या खोटेपणाची सुरुवात इतकी साधी झाली.

*

मी येऊन पडलो डार्विनला. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोकाला, जिथं ऑस्ट्रेलियातली बाकीची माणसंसुद्धा सहसा येत नाहीत. माझ्याबरोबर निघालेले मित्र सिडनीला, मेलबर्नला गेले आणि थंडीतले कोट घालून फोटो पाठवू लागले. माझ्या नशिबी नांदेडचा मे महिना होता, तोही बाराही महिने. समुद्र आहे, पण त्यात मगरी आहेत, त्यामुळे तो आमच्या पैनगंगेच्या डोहासारखा लांबूनच नमस्कार करण्याचा. आंब्याची झाडं मात्र रस्त्यारस्त्यावर. पहिल्या वर्षी मी एका अनोळखी माणसाच्या अंगणातल्या कैऱ्या दगडानं पाडल्या. तो बाहेर आला, मला वाटलं आता पोलीस. त्यानं शिडी आणून दिली. दगड हातात धरून मी इतका शरमलो की कैऱ्या न घेताच परत आलो.

कामाचं म्हणाल तर नांदेडला डिप्लोमा केला तो इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि इथं नोकरी लागली ती आगीचे अलार्म बसवायची आणि तपासायची. माहूरच्या कापूरवाल्याचा मुलगा सातासमुद्रापलीकडे जाऊन धूर पकडायचं काम करतो, हे मी अप्पांना बरीच वर्षं समजावून सांगितलं नाही. "लाइटीचं काम हाय," एवढंच सांगितलं.

सोमवारी तीन वाजता अप्पांचा फोन यायचा. तिकडे दुपारचे तीन, इकडे संध्याकाळचे सात. भाविक जेवायला पांगलेले असायचे, दुकान रिकामं असायचं.

"कापूर लावला का?"

"हाव अप्पा, आत्ताच लावला."

सुरुवातीला हे म्हणताना जीभ अडखळायची. मग सरावली. मग मी खोटं सजवू लागलो. "आज वारा व्हता, दोनदा लावावा लागला." "मालकीणबाई विचारायल्या, ह्यो वास कशाचा." एकदा तर मी त्या न लावलेल्या कापरामुळं पडद्याला झळ बसल्याचंही सांगितलं, आणि अप्पांनी पुढचे चार सोमवार ताटलीखाली पाणी ठेवायची आठवण केली. मधल्या काळात लग्न झालं. त्यासाठी आठ दिवस गावी जाऊन आलो, तेव्हाही 'आधीचाच पुरतोय' म्हणून नवा कापूर घेतला नाही. संगीता लातूरची, सरळ स्वभावाची. तिनं पहिल्याच सोमवारी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "ह्यात मला ओढू नका. तुमचं पाप तुम्हीच सांभाळा." तिनं तिचा देव्हारा मांडला, रोज दिवा लावला. माझ्या सोमवारात ती कधी आली नाही.

तुम्ही म्हणाल, इंडियन दुकानातून कापूर आणायला काय झालं होतं? खरंच काही नव्हतं. पहिले सहा महिने असलं दुकान सापडलं नाही, आणि सापडलं तोवर मी इतक्यांदा 'लावला' म्हटलं होतं की आता खरोखर लावणं म्हणजे स्वतःलाच पकडून दिल्यासारखं वाटायला लागलं. जे घर सोडून गेलेत त्यांना हे कळेल. एखादी गोष्ट आपण लांबणीवर टाकतो आणि एका दिवशी ती आपल्यापेक्षा मोठी होऊन बसते. फोन करणं, पत्र लिहिणं, परत जाणं, सगळ्याचं असंच होतं.

*

आता एका पेटत्या पेयाकडे येतो.

आमचा फोरमन नील. साठीचा, लाल चेहऱ्याचा, कमी बोलणारा. इथं कामाच्या मधल्या चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात. त्या स्मोकोत मी वर्षानुवर्षं नीलला माहूरच्या गोष्टी सांगितल्या. आता गोष्ट सांगायची म्हटली की माझ्या तोंडात मीठमसाला आपोआप येतो. आमच्या डोंगरात मोहाची झाडं आहेत. चैत्रात पहाटे त्यांची फुलं टपटप पडतात. शाळेत जाताना अख्खा रस्ता त्या गोड, जड वासानं भरलेला असायचा, अस्वलं येऊन खायची. इथपर्यंत खरं. पुढं मी म्हणालो की त्या फुलांची आमच्याकडे जी दारू करतात तिच्यासारखं पेय जगात नाही, आणि ते कसं करायचं ते मला माहीत आहे.

मी लिंगायताच्या घरातला. अप्पांच्या गळ्यात लिंग. फटाक्यांच्या दारूशिवाय दुसऱ्या दारूचं नाव आमच्या घरात कुणी तोंडातूनसुद्धा काढलं नाही. मी इथं येऊन बिअर प्यायला शिकलो, तीही एकच बाटली तास दीड तास हातात धरून. मोहाची दारू मी बघितलीही नव्हती.

नील रिटायर व्हायला आला आणि म्हणाला, समारंभ नको, भेट नको, फक्त तुझ्या डोंगरातलं ते पेय पाज. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "पाजतो की. आणि पेटवून पाजतो."

पेटवून का म्हणालो? कारण आदल्याच आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. समुद्रकिनारा, अननस, नारळ, आणि ग्लासावर निळी ज्योत. एक माणूस इतक्या सहज ते करत होता की मला वाटलं, चहापेक्षा सोपं आहे.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी आमच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते, तो दिवस ठरला. पाहुणे चारच: नील, त्याची बायको मार्गारेट, आमच्या कंपनीतला गोव्याचा फ्रान्सिस, आणि नांदेडचा इम्रान. इम्रान इथं टॅक्सी चालवतो, दारूला शिवत नाही, पण माझी फजिती बघायला न बोलावताही आला असता.

दोन बाटल्या फ्रान्सिसनं दिल्या. एक काजूची फेणी, आणि दुसरी, तुम्हाला खोटं वाटेल, मोहाची. हल्ली गोव्यात ती रीतसर बाटलीत भरून विकतात म्हणे. आमच्या डोंगरातलं फूल मला गोव्याच्या माणसाकडून डार्विनमध्ये मिळालं. मी झाकण उघडून वास घेतला आणि ओट्याला धरून उभा राहिलो. चैत्र, धुळीचा रस्ता, खांद्यावर दप्तर, आणि मागून आईची हाक, "मल्लू, डबा ऱ्हायला रे." सगळं त्या बाटलीत होतं. चव घेतली तेव्हा मात्र घसा असा जळला की हाक वगैरे सगळं पळालं.

सकाळपासून मी कामाला लागलो. अननसाचा रस काढला, नारळाचं घट्ट दूध काढलं, गुळाचा पाक केला, कारण साखरेनं मोहाचा वास मरतो असं माझं मत होतं, जे मत मी त्याच सकाळी बनवलं होतं. मोहाची एक वाटी, फेणी अर्धी, अननस दोन, नारळ एक, वरून लिंबू पिळायचं आणि बर्फ ठेचून घालायचा. मग लिंबाच्या पिळलेल्या अर्ध्या सालीची वाटी त्यावर तरंगत ठेवायची, तिच्यात कडक रम ओतायची आणि काडी लावायची. इम्रानच्या आणि संगीताच्या ग्लासात नुसता अननस आणि नारळ.

संगीता दारात उभी राहून बघत होती. "आज सोमवार हाय."

"सुट्टी हाय म्हणूनच तर."

"श्रावणातला सोमवार हाय."

माझा हात थांबला. खरं सांगतो, माझ्या लक्षातच नव्हतं. पण पाहुणे तासाभरात येणार होते आणि तोंड हुशारी करायला सोकावलेलं. "हितं कुठाय श्रावण? हितं पाच महिन्यांत पाऊस न्हाई."

"अप्पांना सांगा तसं," एवढंच म्हणून ती आत गेली.

*

सात वाजायला आले होते. अंगणात टेबल मांडलं, त्यावर सहा ग्लास, सहा ग्लासांवर सहा लिंबाच्या वाट्या. नीलला आठवण म्हणून चित्रण करावं असं ठरवून मी माझा फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला. मग वाऱ्याचं निमित्त झालं आणि टेबल उचलून आम्ही घरात आणलं. ही पहिली चूक.

दुसरी चूक रमची. दुकानात दोन प्रकारच्या बाटल्या होत्या. मी जास्त काळी होती ती घेतली. जितका काळा तितका कडक, हा माझा समज चहावरून झालेला. ती पेटण्याइतकी कडक नव्हती. एक काडी लावली, विझली. दुसरी लावली, रममध्ये बुडाली. सहावी काडी झाली तेव्हा मार्गारेट सौजन्यानं छताकडे बघायला लागली.

"मल्लूभाई," इम्रान खुर्चीत रेलून म्हणाला, "ये आग नहीं लगती. है वैसाच पिलाव इनको, आग का नाम नक्को लेव."

माणूस फजितीत सापडला की जे शिकलेलं असतं ते विसरतो आणि जे घरातलं असतं ते आठवतो. मी कापूरवाल्याचा मुलगा. जे पेटत नाही त्याला काय लावायचं हे मला जन्मापासून माहीत आहे. देव्हाऱ्याखालच्या कपाटात संगीतानं गणपतीसाठी आणलेलं, न फोडलेलं कापराचं पाकीट होतं. मी ते फोडलं, प्रत्येक वाटीतली रम ओतून दिली, पुसली, एकेक पांढरी वडी ठेवली, आणि काडी लावली.

भक्कन पेटल्या. सहा ज्योती, वीतभर उंच, आणि त्यांच्यावर काळा धूर. नील टाळी वाजवायला गेला आणि त्याच क्षणी तो वास खोलीभर पसरला.

आता काय झालं ते नीट सांगतो, कारण ते कुणीच ठरवून केलं नाही. संगीता कोपऱ्यात हाताची घडी घालून, रागावून उभी होती. तिची घडी सुटली. ती पुढं आली, एका ज्योतीवरून दोन्ही तळवे फिरवले आणि डोळ्यांना लावले. तिच्या मागोमाग माझे हात गेले. फ्रान्सिस थबकला आणि त्यानंही केलं. नीलला वाटलं, पिण्याआधीचा हा रिवाज असेल. त्यानं आपले मोठे, राठ तळवे ज्योतीवरून फिरवले, चष्मा काढला आणि डोळ्यांना लावले. मग मार्गारेटनं. इम्रान खिशात हात घालून हसत होता. "क्या मल्लूभाई, महफिल में बुलाके आरती कराते?"

तेवढ्यात छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मीच बसवलेला. शेजाऱ्यानं सिगारेट पेटवली तरी वाजेल इतका नाजूक करून ठेवलेला. इम्रान उठून त्याच्याखाली पेपर हलवायला लागला, मी खिडक्या उघडायला धावलो, आणि टोपलीला टेकवलेला माझा फोन वाजला. सोमवार. सात. आणि श्रावणी सोमवार म्हणून अप्पांनी पहिल्यांदाच व्हिडिओ लावला होता. मी "नको, नको" म्हणेपर्यंत मार्गारेटनं मदत म्हणून हिरवं बटण दाबलं.

अप्पा पडद्यावर आले. त्यांच्यासमोर सहा ज्योती, त्यांवर हात धरलेली गोरी माणसं आणि डोळे पुसणारी सून.

"मल्लू..." अप्पा म्हणाले. अलार्म थांबला. "एवढी मानसं घिऊन करतूस व्हय रे? मला वाटायचं, एकटाच लावत असशील." मग त्यांनी तोंड वळवून शेजारच्या फुलवालीला हाक मारली. "शांताबाई! आगं हिकडं ये. माझ्या पोरानं गोऱ्यांना आरती घ्याया लावली बघ. श्रावणी सोमवार हाय, इसरला न्हाई." शांताबाईचं डोकं पडद्यात घुसलं. अप्पांनी नीलला हात जोडले. नीलनं अप्पांना जोडले. मी लिंबांमागं उभा होतो. ग्लासात काय आहे ते अप्पांना दिसत नव्हतं.

फोन बंद झाला आणि नीलनं ग्लास उचलला. मी मराठीतच ओरडलो, "थांब!" वितळलेली वडी लिंबातून ग्लासात उतरली होती. अप्पांच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी आहे, 'पूजेचा कापूर खाऊ नये', आणि लहानपणी मी अक्षरं शिकलो ती तिच्यावर. मोह, फेणी, अननस, गूळ, सगळं मोरीत गेलं. इम्रानचासुद्धा. नंतर आम्ही संगीतानं केलेला चहा प्यायलो आणि भजी खाल्ली. नील जाताना म्हणाला की न पिता लक्षात राहिलेलं त्याच्या आयुष्यातलं हे पहिलंच पेय.

*

गोष्ट इथं संपली असती तर ती माझ्या नेहमीच्या गोष्टींपैकी एक झाली असती. पण पुढचा सोमवार आला.

अप्पांचा आवाज तरुण झाला होता. सगळ्या माहुराला सांगून झालं होतं. पायऱ्यांवरच्या प्रत्येक दुकानात, एस.टी. स्टँडवर, चाकूरच्या भाऊबंदांना फोन करून. आमचे आजोबा चाकूरहून माहूरला आले ते कापूर विकायला, आणि अप्पा जन्मले माहूरला तरी 'गाव कोणतं' विचारलं की आजही चाकूर सांगतात. त्या चाकुरात आता माझी कीर्ती पोचली होती. मी हूं हूं करत होतो. मग ते म्हणाले,

"एक इचारायचं व्हतं. अर्धा किलो अकरा वर्सं कसा पुरवलास रे? आता संपत आला असंल. लई जपून वापरलास."

त्यांनी माझ्या काटकसरीचं कौतुक केलं. त्याआधी त्यांनी माझं कौतुक कधी केलं होतं ते मला आठवेना. आणि मला ते सहन झालं नाही.

"अप्पा, त्यो कापूर हैदराबादलाच टाकला मी. विमानात घेत न्हाईत. तुमी काचंमागं उभं व्हता. तवापासनं एक बी सोमवार लावला न्हाई. त्या दिवशी बी..." मी सगळं सांगितलं. लिंबं, रम, मोह, सगळं.

पलीकडून देवळातल्या घंटेचा आवाज येत होता.

"अप्पा?"

"गिऱ्हाईक आलंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी तीनला दुकानात गिऱ्हाईक नसतं, हे मला माहीत होतं.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या अक्काचा फोन आला. ती रेणापूरला दिलेली, तोंडानं फटकळ.

"काय केलंस रे तू?"

"खरं बोललो."

"अकरा वर्सं थांबलास, आनखी दोन-चार थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" मग तिचा आवाज उतरला. "तुला ठाव हाय का मल्ल्या? दर सोमवारी तीनला, तुला फोन लावायच्या आधी, अप्पा दुकानात एक खडा लावायचे. कधी एखादं गिऱ्हाईक आलंच तर त्याला बी थांबवायचे. 'तिकडं बी आत्ता पेटला असंल' म्हनायचे आन मगच फोन लावायचे. आता लावत न्हाईत. ताटली धुऊन पालथी घालून ठिवलीया."

मी अंगणात जाऊन बसलो. तुम्ही जे मागं राहिलात, तुमची आठवण काढतो तेव्हा आम्ही आमच्याच दुःखाची आठवण काढत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं मला वाटत होतं की एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी मी एक छोटं खोटं बोलतोय. त्या छोट्या खोट्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पाचशेहून जास्त सोमवार माझ्या सोबतीनं एक ज्योत लावत होता. सोबतीला मी नव्हतोच.

*

चौथ्या सोमवारी मी एक लिंबू कापलं, पिळलं, वाटीत एक वडी ठेवली. ओट्यावर, खिडकीपाशी, अलार्मपासून लांब. पेटवली आणि पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून अप्पांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते सगळं मी आधीच खोटं करून ठेवलं होतं.

वडी विझली. लिंबाला काळा डाग पडला. संगीता माझ्याशेजारी भाजी निवडत बसली. तिची मेथी निवडून संपली, तेव्हा फोन वाजला.

"कुठनं आनला ह्यो?" नमस्कार नाही, नाव नाही.

"हितल्या दुकानातनं."

"पाकिटावर काय लिवलंय? वाच."

मी वाचलं. शंभर टक्के शुद्ध, असं लिहिलं होतं.

"खोटा हाय," अप्पा म्हणाले. "मेन घातलंय त्यात. धूर बघ किती काळा. असला आपल्या दुकानात कुनी फुकट दिला तरी घेनार न्हाई." मग म्हणाले, "त्याच दिवशी वळखायला पायजे व्हतं मी. धंदाच हाय माझा. सहा वड्या व्हत्या समोर, सहा. पर धुराकडं बघितलंच न्हाई. तुझं तोंड बघून राहिलो व्हतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला गोष्ट नव्हती.

"खरा पाठवला असता," ते म्हणाले, "पर पोस्टात घेत न्हाईत. इचारून आलो. विमानात तर चालतच न्हाई."

"हाव."

"मंग काय. तुलाच यावं लागंल. हितं यिऊन लाव."

दिवाळीनंतरची तिकिटं काढलीत. नव्या फोरमननं रजेचं कारण विचारलं तेव्हा मी 'कापूर लावायला' असं सांगितलं, आणि त्यानं ते अर्जात तसंच लिहिलं.

खोबरं, काडेपेटी, कापूर. विमानात न्यायला मनाई असलेल्या वस्तूंची ती यादी मला अजून पाठ आहे. पूर्वी वाटायचं की घर म्हणजे आईबापांनी बांधून दिलेलं गाठोडं, ते बरोबर नेलं की झालं. माझं घर त्या यादीतलं निघालं. ते कुठं नेता येत नाही, तिथं जाऊनच पेटवावं लागतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांच्याही बॅगेतून काही ना काही त्या डब्यात पडलंच असेल.

तोवर सोमवारचं चालू आहे. तीन वाजता अप्पा फोन तराजूला टेकवून ठेवतात, ताटली सरळ करतात आणि एक खडा लावतात. मी इकडे लावत नाही, त्यांनीच बजावलंय, "त्यो खोटा नगं जाळूस, घर काळं व्हतंय." त्यांची ज्योत पडद्यावर उंच होते, मग पिवळी, मग बारीक. मागं काहीच उरत नाही. विझायच्या आधी मी पडद्यावर तळवे धरतो आणि डोळ्यांना लावतो. संगीता म्हणते, हा फोन जुना झाला, बोलता बोलता तापतो, नवीन घ्या.

मी घेत नाही.